कट्टा कुठे जमतो: सोसायटीची बाग, मैदान किंवा चौक वाचायची रीत

नेरूळमधल्या आमच्या सोसायटीच्या बागेत अगदी मधोमध एक गझीबो आहे. वर लाल छप्पर, खाली ग्रॅनाइटची गोल बैठक, चारही बाजूंनी मोकळा. वर्गणी काढून बांधला तेव्हा मी कमिटीत होते आणि कोटेशनवर माझीही सही आहे. त्यात कोणी बसत नाही. तिथून चाळीस पावलांवर, गेटाला लागून, पाण्याच्या टाकीचा दीड फूट उंचीचा कठडा आहे. सकाळी तिथे घरकामाला येणाऱ्या ताई एकमेकींची वाट बघतात, दुपारी डिलिव्हरीची मुलं टेकतात, संध्याकाळी सगळे आजोबा. पिण्याच्या टाकीवर बसणं बरं नाही म्हणून आम्ही पाटी लावली. आजोबा पाटीला पाठ टेकून बसू लागले.

गंमत म्हणजे गझीबो बांधण्याआधी आम्ही घरोघर फॉर्म फिरवला होता. 'बागेत काय हवं?' यावर बहुतेकांनी गझीबोवरच खूण केली होती. कोणी खोटं बोललं नाही. माणूस फॉर्म भरताना चित्र निवडतो आणि बसताना जागा. या दोन निवडी वेगळ्या असतात, आणि दुसरी बघायची असेल तर विचारण्याआधी पाहावं लागतं. ते कसं पाहायचं ते इथे क्रमाने लिहिते आहे. सोसायटीची बाग, पोडियम (टॉवरखालच्या पार्किंगच्या वरचा मोकळा मजला), सेक्टरमधलं मैदान, स्टेशनबाहेरचा चौक, कुठेही ही रीत चालते. दोन-तीन माणसं, आलेखाचा कागद, मोजपट्टी आणि पंधरा दिवस एवढं पुरतं.

पहिलं काम: बसता येईल अशी प्रत्येक कडा मोजा

आर्किटेक्टचा जुना नकाशा मिळाला तरी त्यावर विसंबू नका. त्यात बाक असतात, कठडे नसतात. एका चौकोनाला पाच फूट धरून स्वतः नकाशा काढा. गेट, झाडं, दिवे, नळ, कचऱ्याचा डबा, वॉचमनची केबिन, कॅमेरे, पायऱ्या, कुंड्यांचे वाफे, सगळं त्यावर आलं पाहिजे. उत्तर दिशा दाखवायला विसरू नका, सावलीच्या वेळी ती लागेल.

मग प्रत्येक कडेची उंची मोजा. न्यूयॉर्कमधल्या ऑफिस इमारतींसमोरच्या चौकांत १९७० च्या दशकात शहरांचे अभ्यासक विल्यम व्हाइट यांनी कॅमेरे लावून माणसं कुठे बसतात ते वर्षानुवर्षं टिपलं. त्यांच्या पाहणीत एक फुटापासून तीन फुटांपर्यंत उंचीच्या कुठल्याही कडेवर माणसं बसत होती. आरामाची उंची सोळा ते अठरा इंच. गुडघे दुखणाऱ्यांना अठरापेक्षा कमी चालत नाही, आणि उठताना हाताला आधार हवा. आमच्या बागेतले बाक चौदा इंचांचे निघाले. दिसायला देखणे, पण त्यावर बसलेल्या आजींना उठवायला नातू लागतो.

रुंदीही बघा. तीन फूट रुंद कट्ट्यावर दोन्हीकडून पाठीला पाठ लावून माणसं बसतात, म्हणजे एका बांधकामात दोन बैठका. व्हाइट यांच्या कामानंतर १९७५ मध्ये न्यूयॉर्कने अशा चौकांसाठी नियम केला: दर ३० चौरस फूट जागेमागे एक फूट लांबीची बैठक. आपल्याकडे हा नियम नाही, पण अंदाजाला उत्तम. आमची बाग साधारण ३,६०० चौरस फूट, म्हणजे १२० फूट बैठक हवी. बाक आणि गझीबो मिळून भरली सत्तर. वाफ्यांच्या कडांवर आणखी पन्नास फूट सहज मिळाली असती, पण मुलं माती तुडवतात म्हणून तिथे टोकदार दगड बसवलेले. तुमच्याकडेही असं काही असेल तर नकाशावर लाल पेनाने दाखवा. बसू न देण्यासाठी केलेला खर्च कागदावर दिसला की सभेत बोलायला सोपं जातं.

दुसरं काम: वेळा ठरवा

एकाच संध्याकाळी पाहून मत बनवू नका. एका बागेत दिवसभरात पाच वेगवेगळ्या बागा असतात. सकाळी सहा ते आठ चालणारे. अकराच्या सुमारास कामाच्या ताई, वॉचमन, कुरिअरवाले. साडेचार ते सात मुलं आणि त्यांच्यामागे आया-आज्या. सात ते नऊ ज्येष्ठ. नऊनंतर शतपावलीवाले आणि कॉलेजची मुलं. यातली अकराची फेरी बहुतेक जण गाळतात, कारण कमिटीवाले तेव्हा ऑफिसात असतात. जागा वापरणारी निम्मी माणसं मग हिशेबातच येत नाहीत.

कामाच्या दिवसांतले दोन आणि एक रविवार, प्रत्येकी पाच फेऱ्या. गणपती, नवरात्र आणि दहावी-बारावीच्या परीक्षांचे दिवस टाळा.

तिसरं काम: ठिपके

नकाशाच्या पंधरा झेरॉक्स काढा, प्रत्येक फेरीला एक. ठरलेल्या वेळी बागेतून एक चक्कर मारायची आणि त्या क्षणी जो जिथे आहे तिथे खूण करायची. बसलेल्याला ठिपका, उभ्याला रेघ, मुलाला फुली. बाई असेल तर खुणेभोवती गोल. एकटं कोण, गटात कोण हे कळावं म्हणून एकत्र असलेल्यांना रेघेने जोडा. दहा मिनिटांच्या वर वेळ लावायचा नाही.

मग गेटाशी उभं राहून दहा मिनिटांत किती जण आत-बाहेर गेले ते मोजा. सहाने गुणलं की तासाचा अंदाज मिळतो. त्यातले किती थांबले हेही लिहा. नुसती वर्दळ ही जागेची पसंती नसते. पार्किंगकडे जायचा रस्ता बागेतून असला तर बाग कागदावर फार लोकप्रिय दिसते.

फोटो काढू नका, नावं आणि फ्लॅट नंबर लिहू नका. 'बी विंगच्या काकू रोज पाचला एकट्या' ही नोंद अभ्यासात बसत नाही, तिला चहाडी म्हणतात. आणि कोणी विचारलंच काय करताय, तर खरं सांगा. मला एका आजोबांनी विचारलं तेव्हा मी उलट त्यांनाच विचारलं, इथे टाकीवर का बसता? म्हणाले, "अहो ताई, इथून कोण आलं-गेलं कळतं. तिकडे काय, झाडं बघायची?"

व्हाइट यांना सापडलेली सगळ्यात मोठी गोष्ट हीच होती: माणसांना सर्वांत जास्त ओढ माणसांची. बोलायला थांबलेले लोकही वाट सोडून बाजूला होत नाहीत, भर वर्दळीत उभे राहतात. ठाणे स्टेशनच्या जिन्याच्या तोंडाशी ज्यांनी गप्पा मारणाऱ्यांना खांदा लावत वाट काढली आहे, त्यांना हे सांगायला न्यूयॉर्क लागत नाही.

चौथं काम: ठिपके वाचा

सगळे कागद एकमेकांवर ठेवून खिडकीच्या काचेवर धरा. कुठे ठिपक्यांची गर्दी झाली, कुठे कागद कोरा राहिला ते उजेडात एकदम दिसतं. आता प्रत्येक गर्दीच्या आणि प्रत्येक कोऱ्या जागेवर जाऊन स्वतः पाच मिनिटं बसा. फोन खिशात. आणि चार गोष्टी तपासा.

पाठ. माणसाला पाठीशी काहीतरी लागतं आणि समोर मोकळं लागतं. जे ऍपलटन या भूगोलतज्ज्ञाने १९७५ मध्ये यावर सिद्धांत मांडला की आपल्याला दिसावं, पण आपण फार दिसू नये, अशी जागा माणूस शोधतो. आपल्याकडे हे गावोगाव चुन्यामातीत बांधलेलं होतं. पिंपळाचा पार म्हणजे दुसरं काय? पाठीला बुंधा, डोक्यावर सावली, समोर रस्ता. पडवी, ओटा, चाळीची गॅलरी, सगळी त्याच गोत्रातली. गझीबोत मात्र कुठेही बसा, पाठ उघडी आणि सगळ्या खिडक्यांच्या नजरा तुमच्यावर. बाशिंग बांधून बसल्यासारखं वाटतं. ठाण्यात तलावपाळीच्या नावातच पाळ आहे, म्हणजे तळ्याचा काठ. मासुंदा तलावाभोवती माणसं कडेला धरून बसतात, एकीकडे पाणी, दुसरीकडे रस्ता, आणि कुठे तोंड करायचं ते ज्याचं त्याने ठरवायचं. महापालिका मुख्यालयाजवळचा कचराळी तलावही पाण्याचाच, पण तिथे पाय चालायला वळतात. दोन्हीकडे एकेक संध्याकाळ काढा, हा धडा फुकट मिळतो.

अंतर. मानववंशशास्त्रज्ञ एडवर्ड हॉल यांनी १९६६ मध्ये माणसं एकमेकांपासून किती लांब राहतात याची मापं दिली: ४५ सेंटिमीटरपर्यंत अगदी जवळच्यांसाठी, तिथून १.२ मीटरपर्यंत ओळखीच्यांसाठी, ३.६ मीटरपर्यंत कामापुरत्या संबंधांसाठी. ही मापं अमेरिकनांवरून घेतलेली. आपण लोकलमध्ये चौथ्या सीटवर अर्धे टेकून पनवेल गाठतो, तेव्हा हॉलसाहेब गप्प बसतात. पण तोच माणूस बागेत पाच फुटी बाकाच्या एका टोकाला बसला की दुसरा अनोळखी माणूस त्या बाकाकडे फिरकत नाही. म्हणजे तीन जणांचा बाक व्यवहारात एकाचा किंवा एका जोडीचा. लांब सलग कट्टा असेल तर हा प्रश्न येत नाही. काटकोनातली बैठक त्याहून बरी: बोलायचं तर मान वळवा, नाहीतर समोर बघा. समोरासमोर, मध्ये चार फूट ठेवून लावलेले दोन बाक मात्र एकाच कुटुंबाच्या उपयोगाचे.

याच्याच पोटात मोठी जागा आणि छोटी जागा हा मुद्दा येतो. डॅनिश वास्तुरचनाकार यान गेल यांच्या मांडणीनुसार साधारण वीस-पंचवीस मीटरपर्यंत समोरच्याच्या चेहऱ्यावरचे भाव कळतात, त्यापुढे नुसती आकृती राहते. वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया यांनी १९८० च्या दशकात बेलापूरला आर्टिस्ट्स व्हिलेज ही वसाहत रचली तेव्हा सात घरांमध्ये एक अंगण ठेवलं, साधारण आठ मीटर लांब, आठ मीटर रुंद. अंगणाच्या या टोकाचा माणूस त्या टोकाच्या माणसाला नीट ओळखतो. असे तीन गट मिळून मग थोडी मोठी मोकळी जागा. जाऊन बघा, सेक्टर आठला आहे, पण तिथे लोकांची घरं आहेत याचं भान ठेवून. नंतर आपल्या नव्या टॉवरच्या पोडियमवर उभं राहा. साठ-सत्तर मीटर लांब फरशी आणि मधे काही नाही. तिथे माणसं भिंतीकडेने का चालतात ते कळेल.

ऊन, वारा, डास. मेच्या मध्यात आपल्याकडे शून्य सावलीचा दिवस येतो, आणि तिथून जुलैच्या अखेरीपर्यंत भर दुपारचा सूर्य डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो. त्यामुळे दक्षिणेला झाडं लावली म्हणजे वर्षभर सावली, हे इथे चालत नाही. खरा त्रास चार ते सहा या वेळात पश्चिमेच्या तिरप्या उन्हाचा, नेमका मुलांच्या खेळाचा वेळ. नकाशावर दुपारी चारची आणि पाचची सावली आखा. बैठकीच्या दगडावर हात ठेवून बघा. काळा ग्रॅनाइट एप्रिलमध्ये संध्याकाळी सातलाही गरम लागतो, मग कोणी बसत नाही म्हणून लोकांना नावं ठेवण्यात अर्थ नाही. नवी मुंबईत खाडी आणि धारण तलाव (पावसाचं पाणी साठवायचे) जवळ असल्याने दिवेलागणीला डास कुठे उठतात हेही लिहा. वाऱ्याच्या झोतातला कट्टा डासांपासून निम्मा वाचतो.

निमित्त. हा भाग बहुतेक नकाशांत नसतो, आणि मला तो सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. गोल केलेले ठिपके वेगळे मोजा. एकटी बाई, मूल बरोबर नाही, पिशवी नाही, फोन कानाला नाही, नुसती बसली आहे: असे किती ठिपके मिळतात? शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांनी मुंबईतल्या सार्वजनिक जागांचा अभ्यास करताना दाखवलं की बाई बाहेर असेल तर तिला काहीतरी काम असल्याचं दिसावं लागतं. पुरुष नाक्यावर उगाच उभा राहू शकतो. आमच्या पंधरा कागदांवर असा निव्वळ रिकामा, गोल केलेला ठिपका मला एकही मिळाला नाही. घसरगुंडीजवळ भरपूर, भाजीच्या टेम्पोपाशी भरपूर, एकटीचा एकही नाही. मीसुद्धा वही घेऊन फिरत होते म्हणून फिरत होते.

रात्री साडेनऊला दोघी-तिघी मिळून एक चक्कर मारा. दिवा किती प्रखर यापेक्षा उजेड सलग आहे का ते बघा, कारण एका झगझगीत दिव्यापुढचा अंधार जास्त दाट असतो. समोरून येणाऱ्याचा चेहरा दहा-बारा पावलांवर ओळखता येतो का? बाहेर पडायला दुसरी वाट आहे का? मोठ्या उद्यानात स्वच्छतागृह उघडं आहे की कुलपात? हे प्रश्न सार्वजनिक बागेला जास्त लागू, पण मोठ्या संकुलांतही ते टाळू नयेत.

पाचवं काम: नकाशा काढायला सांगा

हे झटपट होतं. पाच-सहा जणांना कोरा कागद द्या आणि गेटापासून आवडत्या जागेपर्यंतची वाट काढायला सांगा. त्यात दहा वर्षांचं एक मूल आणि घरकामाची एक ताई असू द्या. नगररचनाकार केविन लिंच यांनी १९६० च्या आपल्या पुस्तकासाठी बोस्टन, जर्सी सिटी आणि लॉस एंजेलिसच्या रहिवाशांकडून असे नकाशे काढून घेतले आणि माणसाच्या डोक्यातलं शहर वाटा, कडा, भाग, नाके आणि खुणा यांचं बनलेलं असतं हे मांडलं. ठाणेकराला वेगळं शिकवायला नको. कॅसल मिलला कोणी गिरणी शोधायला जात नाही, तरी रिक्षावाल्याला तेच नाव सांगतात. तीन हात नाका, नितीन कंपनी, कॅडबरी जंक्शन, शहर असं गाठीगाठींनी लक्षात राहतं. नवी मुंबई सिडकोने सेक्टरच्या आकड्यांत आखली, पण आकडा पत्त्यावर राहतो आणि बोलण्यात 'अमुक दुकानासमोर' येतं.

कागदावर जे आलंच नाही ते नीट बघा. आमच्याकडे सहापैकी चौघांच्या नकाशात गझीबो नव्हता. बागेच्या मधोमध, लाल छपराचा. ताईंच्या नकाशात मात्र नळ होता, जो आम्हाला माहीतही नव्हता.

सहावं काम: खुर्च्या

एवढं सगळं जमणार नसेल तर निदान हे करा. हॉलमधल्या वीस प्लास्टिकच्या खुर्च्या बागेत आणा आणि मधोमध दोन ओळींत मांडून ठेवा. कोणाला काही सांगायचं नाही. आठवडाभर रोज रात्री त्या कुठे पोचल्या ते नकाशावर मांडायचं. आणि वॉचमनला सांगून ठेवा की उचलू नकोस, जिथे आहेत तिथेच राहू दे.

व्हाइट यांनी हलत्या खुर्च्यांबद्दल एक मजेशीर गोष्ट टिपली आहे: माणूस बसण्याआधी खुर्ची हलवतोच. कधी चार इंच, कधी परत तिथेच. जागा आपली करून घेण्याची ती खूण. पक्का बाक ही संधी देत नाही.

आमच्या खुर्च्या चौथ्या दिवसापर्यंत अशा पांगल्या: अकरा टाकीजवळ, अर्धवर्तुळात, तोंड गेटाकडे. चार जंगली बदामाखाली. तीन घसरगुंडीच्या मागे, म्हणजे मूल दिसेल पण हाक मारल्याशिवाय येणार नाही इतक्या अंतरावर. एक वॉचमनच्या केबिनमध्ये. आणि एक गझीबोत, तीवर कोणाची तरी क्रिकेटची बॅट. फॉर्मवर जे कोणी लिहिलं नव्हतं ते खुर्च्यांनी चार दिवसांत लिहून दिलं.

आता प्रश्न विचारा, आणि बारीक विचारा. 'बाग आवडते का?' याचं उत्तर नेहमी 'छान आहे' असं येतं. 'काल कुठे बसलात? आधी कुणी बसलेलं असेल तर कुठे जाता? इथून किती वाजता उठता आणि का?' यातून काहीतरी हाताला लागतं.

सातवं काम: आधी कच्चं, मग पक्कं

कुठलाही बदल पंधरा दिवस कच्चा करून बघा. आम्ही टाकीपासून सहा फुटांवर, भिंतीला लागून, सिमेंटचे ब्लॉक आणि लाकडी फळ्या टाकून अठरा इंच उंच, वीस फूट लांब कट्टा केला. टाकीवर बसणं एका पैशाचा दंड न लावता थांबलं, कारण नवीन जागेवरून गेट तितकंच दिसत होतं आणि पाठीला भिंत मिळाली होती. पुन्हा ठिपके काढले, मग सर्वसाधारण सभेत ठेवलं. सभेत भाषण करू नका, आधीचा आणि नंतरचा कागद शेजारी शेजारी लावा.

जागा सोसायटीच्या बाहेरची असेल तर आधी ती कोणाच्या ताब्यात आहे ते बघा. दिघ्यापासून बेलापूरपर्यंत नवी मुंबई महापालिका, खारघर-कामोठ्याकडे २०१६ पासून पनवेल महापालिका, काही भूखंड अजून सिडकोकडे. ठाण्यात महापालिकेचा उद्यान विभाग. अर्जासोबत ठिपक्यांचा नकाशा जोडा. 'बाक हवेत' म्हणण्यापेक्षा 'या भिंतीलगत अठरा इंचांचा तीस फूट कट्टा हवा' म्हटलं की अभियंत्याला अंदाजपत्रक करायला काहीतरी सापडतं.

एक ताळा पावसाळ्यात करा. आम्ही तो जुलैत केला आणि माझी पंचाईत झाली, कारण पावसाची सर आली की सगळी बाग गझीबोत. छत्री विसरलेल्या ताई, फुटबॉलवाली मुलं, दूध घेऊन निघालेले काका. कागद उजेडात धरला तर रेघा पुष्कळ, ठिपके शून्य: आत येऊनही सगळे खांबांना टेकून उभे, गोल बैठक ओली. पाऊस नैऋत्येकडून झोडपतो, म्हणून त्या बाजूच्या दोन खांबांमध्ये कंबरेपर्यंत भिंत बांधली आणि आतून तिला लागून लाकडी फळी बसवली. यंदा पहिल्याच पावसात तिथे तीन ठिपके मिळाले. एकाभोवती गोल होता, हातात काही नव्हतं.